इनास अंकलची चकमक मी कशी बिघडवली

सिंगापूर करून आलेला माणूस सोसायटीला तीन महिने पिळतो. फोटो, चॉकलेटं, 'तिथे रस्ते कसे धुतलेले असतात' वगैरे. मी चार दिवसांत अंधेरी, साकीनाका, मुलुंड आणि बोरिवली करून आले आहे, तेव्हा आता मलाही ऐका. व्हिसा लागला नाही. पण हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी अंधेरीला दहा वर्षं नोकरी करूनही तिथल्या गावठाणात पाय ठेवला नसेल, ही पैज लावायला मी तयार आहे. मी स्वतःही ठेवला नव्हता.

बुधवार, अंधेरी

आमचा पाच जणांचा गट आहे. गोराईच्या किनाऱ्यावर सफाईला गेलो होतो, तेव्हा एक अख्खी गोणी भरून प्लास्टिकचे लायटर गोळा झाले. निळे, पोपटी, गुलाबी. गॅस संपला की फेकायचे, अशीच त्यांची बनावट. मला राग आला. मला राग आला की मी पत्रक लिहिते, आणि उरलेल्या चौघांना ते वाटत फिरावं लागतं.

पत्रकाचं नाव होतं, 'एका ठिणगीसाठी समुद्रात कचरा का?' शेवटी मी ठोकून दिलं होतं : 'आपल्या पूर्वजांना लायटर लागत नव्हता. लोखंड आणि दगड! बस्स, आग तयार!'

आईने ते वाचलं आणि भाकरी उलटता उलटता म्हणाली, "चेडवा, आग लावूक तुका चकमक कित्याक व्हयी? तोंड आसा मां!"

अपमान पोटात घालून मी अंधेरीच्या गावठाणात वाटपाला गेले. काचेच्या दोन इमारतींमधली गल्ली पकडायची, आत शिरायचं आणि एकदम आवाज बंद. बाहेरून जिना असलेली बुटकी घरं, कोपऱ्यावर झेंडूचा हार घातलेला क्रूस, ओट्यावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या. ईस्टरच्या आधीचा आठवडा चालू होता. दारावर 'नो सेल्समन' लिहिलेलं असूनही मला पाणी विचारणारी माणसं आमच्या घाटकोपरात मला अजून भेटायची आहेत.

एका ओट्यावर सदरा न घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझं पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. असा वाचक मला पहिल्यांदाच मिळत होता.

"लोखंड आणि दगड, बस्स," ते म्हणाले. "तू कधी पेटवलीस गो बाय?"

"मी? नाही."

"मग छापलंस कशाला?"

हे इनास अंकल. वय पंच्याहत्तरच्या पुढे, एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. ते आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. डब्यात दोन गारगोट्या होत्या, जळक्या कापडाचे काळे चौकोन होते, आणि बोटांत अडकवायला कपाच्या कानासारखा वाकवलेला पोलादाचा एक तुकडा होता. ही चकमक. त्यांनी डाव्या हातात गारगोटी धरली, तिच्या कडेवर काळं कापड ठेवलं आणि उजव्या हातातलं पोलाद वरून खाली ओरबाडत आणलं. टिक्. टिक्. तिसऱ्या वेळी दोन केशरी कण उडाले. मी टाळ्या वाजवल्या. कापड मात्र तसंच काळं राहिलं.

प्रकार असा आहे. गारगोटीची धार पोलादाचा केसाएवढा कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो. तीच ठिणगी. ती काळ्या कापडावर पडली, तर कापड निखाऱ्यासारखं धुमसतं. मग ते नारळाच्या काथ्यात गुंडाळायचं आणि फुंकायचं.

"शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद करतात," अंकल म्हणाले. "मग बाहेर नवी आग काढतात. तिच्यावरून मोठी मेणबत्ती, मोठीवरून सगळ्यांच्या. ती आग दुसऱ्या आगीवरून उसनी घ्यायची नाय. दगडातून काढायची. आधी बाबा काढायचा, मग मी."

आमच्याकडे कोकणात होळीची लाकडं शेजाऱ्याच्या कुंपणातून चोरण्याला मोठी प्रतिष्ठा आहे, पण आग मात्र सरळ काडेपेटीची. काडी कुठून आली हे कुणी विचारत नाही. इथे उलटं. लाकूड कुठलंही चालेल, आगीचं खानदान बघणार!

तेवढ्यात त्यांच्या बायकोने, रेजिना आंटीने, आतून आवाज दिला, "गेल्या वर्षीचं पण सांग तिला."

गेल्या वर्षी आग पेटली नव्हती. सगळं गाव विझलेल्या मेणबत्त्या धरून उभं, अंकल ओरबाडतायत, ठिणगी काही धरत नाही. शेवटी तरुणांच्या कमिटीतला ग्लेन पुढे झाला आणि त्याने लायटर मारला.

"पाठीमागून टक् झालं," अंकल म्हणाले. "मी वळून बघितलं पण नाय."

आणि यंदा ग्लेनच्या कमिटीने ठरवलं होतं की शनिवारी दुपारी चार वाजता चर्चच्या अंगणात चाचणी घ्यायची. अंकलनी पेटवून दाखवली तर रात्री त्यांची चकमक. नाहीतर लायटर, आणि यापुढे दर वर्षी लायटरच.

लायटर! माझ्या डोक्यात गोराईची गोणी उलटी झाली.

"पण ठिणगी तर पडतेय," मी म्हटलं.

"ह्याचा कान सैल झालाय. बोटातून सटकतं, जोर लागत नाय." त्यांनी पोलाद दाखवलं. वळवलेलं टोक खरंच उघडलं होतं.

"एवढंच ना? मी वाकवून आणते. साकीनाक्याला माझी ओळख आहे."

साकीनाक्याला माझी कुणाशीही ओळख नव्हती. अंकल जरा घुटमळले. पण मी पाच वर्षं सह्या गोळा करते आहे, माणसाच्या हातातली वस्तू काढून घेणं मला जमतं.

गुरुवार, साकीनाका

साकीनाक्याच्या आतल्या गल्ल्यांत लोखंड रस्त्यावर राहतं आणि माणसं त्याच्यातून वाट काढतात. ग्रिल, शटर, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. एका गाळ्यात गॅसकटिंग चालू होतं. कारागिराने नळी उघडली आणि खिशातून एक चिमटा काढला. तारेचा चिमटा, टोकाला वाटी, आत घासायला खडा. त्याने तो कच्चकन दाबला, ठिणगी उडाली, आणि नळीच्या तोंडाशी निळी ज्योत उभी राहिली.

"हीच तर चकमक!" मी ओरडले. "खडा आणि लोखंड! पुन्हा पुन्हा वापरता येणारी! तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही एका फार मोठ्या परंपरेचे..."

"मॅडम, जरा साइड में. कपड़ा जलेगा."

मी त्याला पत्रक दिलं. त्याने त्याच्यावर पाना ठेवला.

काम मात्र त्याने फार सफाईने केलं. पोलाद ज्योतीत धरलं. ते आधी काळपट, मग जांभळट, मग जास्वंदीसारखं लाल झालं. दोन ठोक्यांत त्याने कान मिटवला, तुकडा रेतीत टाकला आणि सावकाश थंड होऊ दिला. मग म्हणाला, "पॉलिश मार दूँ?" मी म्हटलं, मारा की. पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरल्यावर तो तुकडा असा चमकला, जणू लग्नात द्यायचा आहे. मी फोटो काढला आणि आमच्या गटाच्या ग्रुपवर टाकला : 'परंपरेची दुरुस्ती!' चार अंगठे आले.

संध्याकाळी अंकलच्या हातात तो तुकडा मी अगदी बक्षीस दिल्यासारखा ठेवला. त्यांनी बोटं घातली. कान घट्ट बसला. ते हसले. गारगोटी घेतली आणि ओरबाडलं.

थप्.

पुन्हा. थप्. आदल्या दिवशी 'टिक्' असा आवाज येत होता. आज ओल्या लाकडावर मारल्यासारखा. ठिणगी सोडाच, साधी चमकही नाही.

"बाय," अंकल हळूच म्हणाले, "ह्याला तापवलंस?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती लाल?"

"जास्वंदीएवढं."

"नि थंड कशात केलं?"

"रेतीत. आपोआप झालं."

फिटर माणूस. त्यांना पुढचं सांगायला लागलं नाही. ते ओट्यावर बसले. "मेलं," म्हणाले.

"कोण मेलं?" आंटी पदर सावरत धावत बाहेर आल्या.

पोलाद लाल होईपर्यंत तापवून सावकाश थंड केलं की मऊ पडतं. मऊ पोलादाचा कीस निघतो, पण तो जळत नाही. ठिणगी हवी तर पोलाद काचेसारखं कडक हवं. हे मला कुठल्याही पत्रकाने शिकवलं नव्हतं, कारण सगळी पत्रकं मीच लिहिते.

अंकलनी तो चकचकीत तुकडा तोंडासमोर धरला. "आता भांग पाडायला कामाचा," ते म्हणाले.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी घरी जाऊन नीट जेवले तरी असते.

शुक्रवार, मुलुंड

रात्री मी वाचून काढलं. मेलेल्या पोलादाला पाणी देता येतं. पुन्हा लाल करायचं आणि झटकन पाण्यात बुडवायचं, की ते परत कडक होतं. यासाठी खरा लोहार हवा. सकाळी सकाळी मी हा उपाय घेऊन गावठाणात पोचले.

"आज नाय," अंकल म्हणाले. "आज गुड फ्रायडे. आज लोखंडावर हातोडी उचलायची नाय. खिळे ठोकले होते ना त्याला आजच्या दिवशी."

अशा समजुतींवर मी एक पत्रक छापलेलं आहे, दोन रंगांत. ते त्या क्षणी पिशवीतच होतं. मी ते काढलं नाही, याची नोंद कुठेतरी व्हावी.

आंटीने मला बसवून पेज वाढली. गुड फ्रायडेला त्यांच्या घरी पेज आणि कैरीचं लोणचं, बस. तिकडे चर्चची घंटाही मुकी. तिच्याऐवजी लाकडी खडखडा वाजत होता. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि वर केळं. दुसऱ्या दिवशी खरा उपास करावा लागतो. ही पेज मात्र खरोखरच पेज होती.

मी दुसरा घोट घेते आहे तोच ग्लेन आला. तिशीचा, विमानतळावर नोकरी, शर्टाला इस्त्री. मला वाटलं होतं हा खलनायक असेल. तो आत येताना चपला बाहेर काढून, आंटीच्या पाया पडून आला.

"अंकल, उद्या चारला. चकमक रेडी ना?"

अंकलनी तो तुकडा पुढे केला. ग्लेनने मारून बघितला. थप्.

"हे काय झालं?"

मी तोंड उघडलं. अंकलनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ते आपोआप मिटलं.

"मीच तापवलं," अंकल म्हणाले. "चुकी माझी. डोक्यात नाय राहिलं."

ग्लेनचा चेहरा पडला. चिडला नाही, हे जास्त वाईट होतं. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, वय झालं ना आता. तुम्ही बाजूला खुर्चीवर बसा, लायटर मी मारतो. तुमचं नाव आम्ही माइकवर घेऊ."

माइकवर नाव! तो गेल्यावर मी उसळले. "तुम्ही खोटं का बोललात?"

"तू पाहुणी हायस," अंकल म्हणाले. "नि तू गप बसलीस, ते बरं केलंस. ते तुला जड गेलं, दिसलं मला."

एका माणसाला गावापुढे म्हातारचळ लागल्याचं ठरलं होतं आणि कारण मी होते. तुकडा ओट्यावरच पडलेला. मी तो पिशवीत टाकला आणि निघाले. हातोडी त्यांच्या घरात चालत नव्हती ना? मुलुंड त्यांच्या घरात नव्हतं.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाच्या भिंतीला टेकून एक लोहार बसतो. झाडपाला तोडायचे कोयते आणि विळे करतो. साठीचा माणूस, कपाळाला भंडारा. त्याने तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाला, "कुणी मारला ह्याला?"

"साकीनाक्याला," मी म्हटलं. हे खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.

"पाणी देतो. पण सांगून ठेवतो, ह्याला आधीच कुठे चीर गेली असली तर माझी जबाबदारी न्हाई."

त्याने भाता चालवला. पुन्हा जास्वंद. सांडशीने उचलून तुकडा बादलीत घातला. फस्स. आणि त्या फस्सच्या आत एक बारीक आवाज आला, काच तडकल्यासारखा. सांडशीत अर्धा तुकडा वर आला. उरलेला लोहाराने बादलीत हात घालून काढला, त्याचेही दोन झाले होते.

गुड फ्रायडे. लोखंड. मी आजही याला योगायोगच म्हणते. पण तेव्हा मी इकडे तिकडे बघून घेतलं.

गंमत बघा, तुकडे कडक झाले होते. लोहाराने शेजारी पडलेल्या गारगोटीने ओरबाडलं तर ठिणगी पडली, सणसणीत. पण मोठ्यात मोठा तुकडा सुपारीएवढा. तो धरायला बोटं कुठे ठेवणार? मी प्रयत्न केला. दोन बोटांची सालटी निघाली. लोहाराने हळद दाबली आणि चहा पाजला. त्याच्या भट्टीवरचा चहा गुळाचा आणि धुरकट होता. घाटकोपरला कुणी दिला असता तर मी तक्रार केली असती. तिथे दोन पेले प्यायले.

"मामा, माझ्यामुळे एका माणसाची चाळीस-पन्नास वर्षांची जागा जाणार आहे," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. साकीनाक्याचं, पॉलिशचं, फोटोचंसुद्धा. तो हसला नाही. फोटोला जरासा हसला.

"ठिणगीच हवी ना?" तो म्हणाला. "मग कोयत्याचं पोलाद कशाला? टाकीवाल्या बायका हायत. पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात, दगडावर ठोकून ठोकून खरखरीत करतात. टाकी म्हंजे त्यांची छिन्नी, तिचं टोक मीच कडक करून देतो. दिवसभर ठिणग्या उडवतात त्या, नि लक्ष पण देत नाहीत. यल्लूबाईला विचार. बोरिवलीला, खाणीच्या बाजूला ऱ्हाते."

शनिवार, बोरिवली आणि परत

मुलुंड आणि बोरिवली नकाशात शेजारी दिसतात. मधे अख्खं जंगल आहे आणि जंगलात बिबटे आहेत, म्हणून वळसा घालून जावं लागतं. शहराने बिबट्यापुढे हार मानल्याची ही एवढीच जागा, आणि मला ती फार आवडते.

यल्लूबाई घरात मिक्सरवर चटणी वाटत होती. तेही बरोबरच आहे. चांभाराच्या पायात तरी कुठे चप्पल असते?

"टाकी द्याल का? संध्याकाळपर्यंत परत आणून देते," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "टाकी न् नवरा उसना देत न्हाई मी. नवरा एकदा दिला व्हता, तो परत आला न्हाई."

"मावशी, प्रश्न मोठा आहे हो. चार वाजता एका म्हाताऱ्या माणसाची परीक्षा आहे." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना लक्षात आलं, की प्रत्येक वेळी माझी चूक मी थोडी जास्त खरी सांगत होते.

"त्यांच्यात मसाला वाटतात का?" तिने विचारलं.

"मिरच्या वाळत घातलेल्या बघितल्या मी. ओटाभर."

"मंग पाटा असंल," यल्लूबाई म्हणाली. मिक्सर बंद केला, टाक्या आणि हातोडी फडक्यात बांधली. "चल. टाकीसंगं मी येनार."

साडेतीनला आम्ही गावठाणात पोचलो. आंटी ईस्टरच्या फुग्यांचं, म्हणजे तळून करायच्या गोल पावांचं, पीठ मळत होत्या, कोपरापर्यंत हात माखलेले. यल्लूबाईने कुणाला काही न विचारता पाट्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत झालाय. ह्यावर मिरची वाटत न्हाई, घसरते." आंटीने तिथल्या तिथे तिच्याशी मैत्री केली.

अंकल मात्र टाकी हातात घेऊन नाखूश. "ह्याला कान कुठाय? धरू कसा?"

"धरायची न्हाईच मारायला," यल्लूबाई खाली बसली. तिने टाकी उभी धरली, टोक खाली जमिनीवर टेकवलं, टोकाशी काळ्या कापडाचा चौकोन ठेवला. मग गारगोटी घेऊन टाकीच्या कडेवरून वरून खाली खरवडत आणली. टोकापाशी पोचताच ठिणग्यांचा झुबका थेट कापडावर.

"हे उलटं हाय," अंकल म्हणाले. "लोखंड मारायचं, दगड धरायचा. माझा बाबा..."

"बाबांचा हात हालत व्हता का तुमच्यासारखा?"

मी चार दिवस त्या हाताकडे बघत होते. पेजेचं ताट धरताना, पत्रक धरताना. मला चकमकच दिसली होती. गेल्या वर्षी सैल कानाबरोबर तो हातही होताच.

"हालतो," अंकल म्हणाले.

"मंग जमिनीला धरू द्या की. जमीन कुठं हालती?"

चार वाजता चर्चच्या अंगणात ग्लेन, कमिटीतले सहा-सात जण आणि फादर उभे होते. ग्लेनच्या हातात लांब नळीचा, लाल प्लास्टिकचा नवाकोरा लायटर. किमतीचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

"अंकल, तुम्ही उगाच त्रास..." त्याने सुरुवात केली.

"एक मिनिट," मी म्हटलं. "ते पोलाद अंकलनी तापवलं नाही. मी नेलं, मी तापवून घेतलं, मी पॉलिश केलं आणि काल मुलुंडला मीच फोडलं. त्यांचं डोकं शाबूत आहे. बिघडलं ते माझ्यामुळे." आणि पुरावा म्हणून मी रुमालातले तीन तुकडे काढून दाखवले. सवयच आहे.

मला वाटलं अंकलना बरं वाटेल. ते लालबुंद झाले.

"अगो, काय केलंस! मी गुड फ्रायडेच्या दिवशी तुझ्यासाठी खोटं बोललो, नि तू ते फादरसमोर उघडं पाडलंस? आता हे कन्फेशन मी कुणाला करू? ऐकणारा इथंच उभा हाय!"

फादर आधी खोकले. मग ते खोकणं नाही हे सगळ्यांना कळलं. ग्लेनने माझ्याकडे बघितलं, मग अंकलकडे. "अंकल, मी काल वयाचं बोललो ते..."

"ते खरं होतं," अंकल म्हणाले. "हात हालतो. गप बस नि बघ."

ते यल्लूबाईसारखे मांडी घालून खाली बसले. टाकी टेकवली. डावा हात टाकीवर, टाकी जमिनीवर. गारगोटी खरवडली. ठिणग्या पडल्या, कापडाच्या बाजूला. पुन्हा. पुन्हा बाजूला. कमिटीतला एक जण घड्याळ बघायला लागला. "खाली जाताना दाबा," यल्लूबाई पुटपुटली. चौथ्यांदा कापडाच्या कोपऱ्यावर एक केशरी टिंब दिसलं, आणि ते विझायच्या ऐवजी मोठं व्हायला लागलं.

अंकलनी ते काथ्यात गुंडाळून माझ्यापुढे धरलं. "फुंक. तू बिघडवलंस, तू फुंक."

मी छाती भरून घेतली आणि मोर्च्यात घोषणा द्यावी तशी फुंकले. काथ्या उडाला, राख माझ्या भुवईत गेली, टिंब विझलं.

"अगो, भाषण नाय द्यायचं!" अंकल ओरडले. "फुंकायचं!"

ग्लेन हसला नाही. तो खाली वाकला, उडालेला काथ्या गोळा केला आणि अंकलच्या गुडघ्यापाशी ठेवला. अंकलनी नवा चौकोन लावला. यावेळी दुसऱ्याच खरवडीला टिंब धरलं. काथ्याचं घरटं पुन्हा माझ्या तोंडासमोर आलं. मी तान्ह्या पोराच्या डोळ्यातला कण काढताना फुंकतात तशी फुंकले. जरासं. थांबले. जरासं. धूर पिवळा झाला, दाट झाला, डोळ्यांत गेला, आणि मग एकदम, काहीही आवाज न करता, ज्योत उभी राहिली.

कमिटीने टाळ्या वाजवल्या. यल्लूबाई म्हणाली, "एवढंच?" मी मोबाइल काढला, कारण हा फोटो तरी खरा होता. कॅमेरा चालू होईस्तोवर अंकलनी पेटलेला काथ्या जमिनीवर टाकला होता आणि त्याच्यावर चप्पल ठेवून तो नीट, चारी बाजूंनी विझवला होता.

"अहो!" माझा आवाज चिरकला. "चार दिवस! मुलुंड! बोरिवली!"

"नवी आग लागते रात्रीला," इनास अंकल उठत म्हणाले. "ही ठेवली तर तोवर शिळी नाय होणार?" त्यांनी टाकी पुसून यल्लूबाईच्या हातात दिली. "रात्री पण तूच येणार हायस हां टाकीसंगं. जेवून जा." मग ग्लेनकडे वळले.

"नि तू तो लायटर घरी ठेवून ये. आंटीला गॅस पेटवायचाय, फुगे तळायचेत."